पांढरी रेघ आणि शेपटीचा हिशेब

१९९६ सालच्या थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यातली गोष्ट. सौ.च्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला दोन महिने मुंग्या येत होत्या. आधी तिने ते अंगावर काढले, पण पेटी वाजवताना बोट भलत्याच पट्टीवर पडू लागले तेव्हा ती मुकाट्याने डॉक्टरकडे गेली. सोमवारी मानेचा एम.आर.आय. झाला आणि मंगळवारी संध्याकाळी फोन आला. मज्जारज्जूच्या मधोमध एक बारीक पांढरी रेघ दिसते आहे, ‘सिरिंक्स’ असू शकेल, नक्की सांगता येत नाही, पुढच्या सोमवारी पुन्हा स्कॅन करू.

सिरिंक्स म्हणजे मज्जारज्जूच्या आत पाण्याने भरलेली पोकळी. ती वाढत गेली तर हातांची संवेदना आणि ताकद हळूहळू जाऊ शकते. घरातल्या वैद्यकीय पुस्तकात एवढे वाचून मी पुस्तक मिटले. सोमवारपर्यंत सहा दिवस होते. ते सहा दिवस मी ज्या गणितात घालवले त्याबद्दल आज लिहायचे आहे. गणित म्हटल्यावर पान उलटू नका. कॉलेजात शिकलेले बरेचसे विसरले असाल तरी चालेल. मीही विसरलो होतोच.

माझा धंदा मोटारींच्या आवाजाचा आणि थरथरीचा. डेट्रॉइटजवळच्या एका कारखान्यात इंजिनाला मायक्रोफोन लावायचे, आणि जो गोंगाट येईल त्यात कोणकोणते सूर किती जोराने आहेत ते यंत्रावर पाहायचे. पेटीच्या चार पट्ट्या एकदम दाबल्या तर तयार कान चारही सूर वेगळे ओळखतो. यंत्र तेच करते. या सूर वेगळे काढण्याच्या क्रियेला फूरियेचे रूपांतर म्हणतात. आम्ही इंजिनिअर मंडळी ‘फोरिअर’ म्हणतो. १९६५ साली कूली आणि ट्यूकी यांनी हे रूपांतर झटपट करण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तिच्या जिवावर माझ्यासारख्या हजारोंची पोटे भरली. वेगळे काढलेले सूर पुन्हा एकत्र केले की मूळ आवाज परत मिळतो, हे आम्ही गृहीत धरत होतो. कॉलेजात सरांनी फळ्यावर सूत्र लिहिताना ‘फलन चांगल्या वागणुकीचे असेल तर’ असे म्हटले होते. चांगली वागणूक म्हणजे काय, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही.

आता एम.आर.आय.कडे येऊ. हे यंत्र फोटो काढत नाही. शरीरातल्या पाण्याच्या हायड्रोजन अणूंकडून येणारा रेडिओ संदेश ते टिपते, आणि तो संदेश म्हणजे चित्राचे फूरिये रूपांतरच असते. म्हणजे यंत्राच्या हाती चित्र येत नाही, चित्राचे ‘सूर’ येतात: आधी रुंद, मंद लहरी, मग अधिकाधिक बारीक लहरी. त्या सगळ्यांची बेरीज करून संगणक चित्र तयार करतो. ही कल्पना १९७५ साली झुरिकला अनिल कुमार, डिटर वेल्टी आणि रिचर्ड अर्न्स्ट या तिघांनी मांडली. त्यांतले अनिल कुमार पुढे बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अध्यापन करत होते, आणि अर्न्स्ट यांना १९९१ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चुंबकीय प्रतिमेच्या मूळ शोधासाठी लाउटरबर आणि मॅन्सफील्ड यांना २००३ साली नोबेल मिळाले.

बुधवारी रात्री लेक सुट्टीसाठी घरी आली. ती विद्यापीठात गणित शिकत होती, आणि त्या सत्रात तिचा ‘अ‍ॅनॅलिसिस’चा कोर्स चालू होता. मी दवाखान्यातून मागून आणलेल्या फिल्म जेवणघराच्या खिडकीला चिकटवल्या होत्या. मी तिला ऐटीत सांगितले, की हे सगळे फोरिअरच आहे, मी रोज हेच करतो. तिने विचारले, “बाबा, पण उलटं करताना बेरीज अभिसारी असते, हे कशावरून?”

अभिसारी, म्हणजे ज्याला आपण कन्व्हर्जंट म्हणायचो. बेरीज करत जावे तसतसे उत्तर एका आकड्याजवळ स्थिरावते की नाही, हा प्रश्न. पंचवीस वर्षे नोकरी करूनही माझ्याकडे उत्तर नव्हते.

हा प्रश्न खुद्द फूरियेलाही विचारला गेला होता. जोसेफ फूरिये हा नेपोलियनबरोबर इजिप्तला गेलेला, पुढे ग्रेनोबलला प्रीफेक्ट, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारखा अधिकारी. कारभार सांभाळून तो धातूच्या पट्टीतून उष्णता कशी पसरते त्याचे गणित करी. १८०७ साली त्याने पॅरिसच्या विद्वत्सभेला निबंध सादर केला: कोणतेही फलन, मग त्याला कोपरे असोत की मध्ये तुटलेले असो, साइनच्या गुळगुळीत लहरींची बेरीज करून मिळवता येते. परीक्षकांत लाग्रांज होता. एवढ्या सरसकट विधानाला पुरेसा आधार नाही, अशी त्याची हरकत होती. निबंध छापला गेला नाही. पुढे त्याच विषयावर फूरियेला बक्षीस मिळाले, तेही काटेकोरपणा कमी असल्याचा शेरा मारूनच. त्याचे पुस्तक निघायला १८२२ साल उजाडले. गंमत अशी, की उष्णतेची उत्तरे बरोबर येत होती आणि आक्षेपही योग्य होता.

आक्षेप काय होता ते आकड्यांत पाहू. शाईच्या पेनने आखावी तशी एक चौकोनी लहर घ्या: काही वेळ अधिक १, मग एकदम उडी मारून उणे १, पुन्हा अधिक १. ही मिळवायची तर साइनच्या लहरी अशा घ्याव्या लागतात: पहिली पूर्ण जोराची, तिप्पट वेगाची एक तृतीयांश जोराची, पाचपट वेगाची एक पंचमांश जोराची, आणि सगळ्याला ४ भागिले पाय याने गुणायचे. एकच लहर घेतली तर सर्वांत उंच टोक १.२७३ येते. दोन घेतल्या तर १.२००. तीन घेतल्या तर १.१८८. तुम्हाला वाटेल, असेच उतरत १ वर येईल. येत नाही. हजार लहरी घ्या की लाख, टोक १.१७९ च्या खाली उतरत नाही. उडी मारण्याच्या जागेशेजारी चित्र कायम थोडे जास्त उसळते. ही जादा उसळी पूर्ण उडीच्या जवळजवळ ९ टक्के असते, आणि तिच्या मागोमाग लहान लहान लाटांची रांग असते.

१८४८ साली हेन्री विल्ब्रहॅम या इंग्रज तरुणाने हे लिहून ठेवले होते; कोणी लक्ष दिले नाही. १८९८ साली प्रकाशाचा वेग मोजणाऱ्या मायकेल्सनने ‘नेचर’ नियतकालिकात या बेरजांबद्दल पत्र लिहून वाद उभा केला. त्याच सुमारास त्याने ऐंशी लहरींची बेरीज करणारे एक यंत्रही बांधले होते. वादात येलचे विलर्ड गिब्ज उतरले आणि १८९९ सालच्या पत्रात त्यांनी खरा प्रकार सांगितला. तेव्हापासून या उसळीला गिब्जचे नाव आहे.

मग बेरीज अभिसारी आहे की नाही? लेकीने फार छान समजावले. एखादा ठरावीक बिंदू धरून बसा, उडीपासून थोडा दूर. लहरी वाढवत गेलात की त्या बिंदूवर उत्तर १ वर स्थिरावते. उसळी संपत नाही, ती फक्त उडीच्या अधिकाधिक जवळ सरकते. वरातीसारखे आहे हे. प्रत्येक घरापुढून वरात पुढे जाते आणि त्या घरात शांतता होते. पण वाजंत्री कमी झालेली नसतात, ती पुढच्या घरासमोर तेवढ्याच जोराने वाजत असतात. एकेका बिंदूपुरते अभिसरण असते, पण सगळीकडे एकदम, एकसमान अभिसरण नसते. १८२९ साली डिरिक्लेने पहिल्यांदा हे नीट सिद्ध केले, की मोजक्याच जागी तुटलेल्या आणि मोजकेच चढउतार असलेल्या फलनासाठी बेरीज बिंदूबिंदूवर अभिसारी असते, आणि उडीच्या जागी ती दोन्ही बाजूंच्या बरोबर मधला आकडा देते.

“पण उसळी का जात नाही?” मी विचारले. “शेपटीमुळे,” ती म्हणाली, आणि इथे समाकलनीयता नावाची भानगड येते.

भानगड अशी. बँकेच्या पासबुकात जमा आणि खर्च अशा दोन्ही नोंदी असतात. शिल्लक स्थिर असू शकते, पण एकूण उलाढाल किती झाली हा वेगळा प्रश्न. १ जमा, १/२ खर्च, १/३ जमा, १/४ खर्च असे करत गेलात तर शिल्लक ०.६९३ वर स्थिरावते. उलाढाल, म्हणजे १ अधिक १/२ अधिक १/३, मात्र कुठेच थांबत नाही: दहा नोंदींत २.९३, शंभर नोंदींत ५.१९, हजार नोंदींत ७.४९, अशी ती हळूहळू पण अमर्याद वाढते. गणितात ज्या फलनाची उलाढाल, म्हणजे चिन्हे विसरून केलेली एकूण बेरीज, मर्यादित असते त्याला समाकलनीय म्हणतात.

एका ठोकळ्याचे चित्र घ्या: मध्ये उजेड, दोन्हीकडे काळोख, कडा सरळ तुटलेल्या. त्याची उलाढाल मर्यादित आहे, म्हणून त्याचे रूपांतर बिनतक्रार काढता येते. ते येते साइन क्ष भागिले क्ष या आकाराचे: मध्ये मोठा उंचवटा आणि दोन्ही बाजूंना खालीवर होणारी, उतरत जाणारी लांब शेपटी. शेपटीतल्या उंचवट्यांची क्षेत्रफळे साधारण १, १/२, १/३, १/४ याच प्रमाणात कमी होतात. म्हणजे मूळ चित्र समाकलनीय आहे, पण त्याचे रूपांतर नाही! उलटा प्रवास करताना जी बेरीज करायची तिची शिल्लक स्थिरावते, पण ती जमाखर्च एकमेकांना कापतात म्हणून. शेपटी मध्येच तोडली की जे कापले जायचे ते उरते. तेच गिब्जच्या लाटांच्या रूपाने चित्रात दिसते.

मग हे ठोकळ्याचेच नशीब आहे, की प्रत्येक तुटलेल्या कडेचे? लेकीने रुमालाच्या मागे जे लिहिले ते मी इथे शब्दांत देतो, कारण ते आपल्यातल्या कोणालाही कळेल. समजा, एखाद्या चित्राच्या सगळ्या लहरींच्या जोराची एकूण उलाढाल मर्यादित आहे. मग कुठेतरी पुढे शेपटी अशी तोडता येईल, की तिची सगळी उलाढाल मिळून शंभरातला एक भागही भरणार नाही. तोडलेल्या जागेच्या अलीकडच्या लहरी गुळगुळीत आहेत. त्यांच्या बेरजेत उडी येऊ शकत नाही. शेपटीची सगळी लुडबुड एका बाजूला फार तर एक शतांश वर नेईल आणि दुसऱ्या बाजूला एक शतांश खाली. म्हणून चित्रात दोन शतांशांपेक्षा मोठी उडी असूच शकत नाही. शंभराऐवजी लाख घ्या, कोटी घ्या, युक्तिवाद तोच. याचा अर्थ, रूपांतर समाकलनीय असेल तर चित्रात उडी अजिबात नसते. उलटून वाचा: चित्रात खरी उडी असेल तर रूपांतर समाकलनीय नसतेच. हुशारीने, पैशाने किंवा मोठ्या चुंबकाने यातून सुटका नाही.

नोकरीत मला हे कधी का दिसले नाही, तेही तेव्हा उमगले. माझे यंत्र लहरींची ऊर्जा दाखवी. ऊर्जा म्हणजे जोराचा वर्ग. १ अधिक १/९ अधिक १/२५ ही वर्गांची बेरीज बिचारी शहाणी आहे, ती १.२३४ जवळ थांबते. वर्ग समाकलनीय असला की ऊर्जेचा हिशेब दोन्हीकडे तंतोतंत जुळतो, हे प्लँशरेलने १९१० साली रूपांतरासाठी सिद्ध केले. मी आयुष्यभर ऊर्जा मोजत होतो, आणि अडचण कडेवर होती.

आता खिडकीवरच्या फिल्मकडे परत. मज्जारज्जू करडा, त्याच्या पुढे-मागे पाण्यासारखा द्रव पांढरा, आणि दोघांमधली कड तीक्ष्ण. म्हणजे आमचा ठोकळाच, दोन कडांचा. फिल्मच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात २५६ गुणिले १२८ असे छापले होते आणि क्षेत्र २४ सेंटिमीटर. आडव्या दिशेने शेपटी १२८ नोंदींवर तोडली होती. २४० मिलिमीटर भागिले १२८ म्हणजे एक ठिपका १.९ मिलिमीटरचा. तोडलेल्या शेपटीच्या लाटांचे अंतर दोन ठिपके, सुमारे पावणेचार मिलिमीटर, आणि त्यातली पांढरी पट्टी त्याच्या निम्मी. मानेतला मज्जारज्जू पुढून मागे जेमतेम आठ मिलिमीटर. पुढच्या कडेच्या लाटा आणि मागच्या कडेच्या लाटा बरोबर मध्ये एकमेकींवर येणार. कडेच्या मापपट्टीने मी रेघेची जाडी मोजली. दोन मिलिमीटरच्या आतबाहेर!

रात्रीचे साडेबारा वाजले होते. मी उडी मारून हिला उठवायला निघालो. लेकीने हात धरला. “बाबा, प्रमेय सांगतं की लाट असणारच. सिरिंक्स नाही, असं प्रमेय कुठे सांगतं?”

मी खाली बसलो. ती बरोबर बोलत होती. लाट असणे अपरिहार्य आहे, एवढेच मला कळले होते. लाटेच्या आड खरी पोकळी लपलेली नाही, हे गणिताने कळणार नव्हते. मला हवे ते उत्तर मी प्रमेयाच्या तोंडी घालत होतो. हिच्या हाताला मुंग्या तर खऱ्याच येत होत्या.

पण गणिताने एक कसोटी दिली होती. खरी पोकळी १२८ नोंदी असोत की २५६, जागच्या जागी आणि तेवढीच राहील. लाट मात्र नोंदी दुप्पट केल्या की अर्धी बारीक होऊन कडेकडे सरकेल. वरात पुढच्या घरी जाईल. शुक्रवारी सकाळी मी धीर करून रेडिऑलॉजिस्ट बाईंना फोन केला आणि अडखळत हे सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, की सोमवारचे स्कॅन त्यांनी त्यासाठीच लावले आहे, आडव्या दिशेने २५६ नोंदी घेऊन. वेळ दुप्पट लागेल, तेव्हा मिसेसना हलू नका म्हणावे. पाठीच्या कण्याच्या चित्रांत ही फसवी रेघ त्यांच्या शास्त्राला १९८०च्या दशकापासून माहीत होती. माझ्या आणि त्यांच्या भाषा वेगळ्या होत्या, पण आम्ही एकाच शेपटीबद्दल बोलत होतो.

त्या सुट्टीत लेकीने मला पुढची कथाही सांगितली. संतत, म्हणजे कुठेही न तुटलेल्या फलनाची तरी बेरीज नेहमी अभिसारी असेल, असे सगळ्यांना वाटत होते; १८७३ साली द्यु ब्वा-रेमाँने एका बिंदूवर अपसारी होणारे संतत फलन दाखवले. १९०० साली विशीतल्या फेयेरने सुचवले, की बेरजांची सरासरी घ्या. संतत फलनासाठी ती सगळीकडे एकसमान अभिसारी असते, आणि उसळीही नाहीशी होते. एम.आर.आय.वाले आजही लाटा दाबायला याच जातीची गाळणी वापरतात, पण त्याची किंमत म्हणून कड थोडी पुसट होते. १९२३ साली तरुण कोल्मोगोरोव्हने असे समाकलनीय फलन रचले, ज्याची बेरीज जवळजवळ प्रत्येक बिंदूवर अपसारी आहे. मग वर्ग समाकलनीय असेल तर? रशियन गणिती लुझिनचा हा प्रश्न सुमारे पन्नास वर्षे पडून होता. स्वीडनच्या लेनार्ट कार्लेसन यांनी १९६६ साली सिद्ध केले, की तिथे मात्र बेरीज जवळजवळ सगळीकडे अभिसारी असते. २००६ साली त्यांना आबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा लेकीने मला मुद्दाम फोन केला होता.

सोमवारी ही पाऊण तास न हलता पडून राहिली. मी बाहेर बसलो होतो. मनात कसले प्रमेय नव्हते, घरून निघताना तिने “अहो, पेटी झाकून ठेवलीत का?” असे विचारले होते, तेवढेच फिरत होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी बोलावून दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लावल्या. नव्या चित्रात रेघ नव्हती. दोन्ही कडांना चिकटून अगदी बारीक लाटा होत्या, माहीत असलेल्यालाच दिसतील अशा. मज्जारज्जू स्वच्छ करडा. त्याच चित्रात पाचव्या आणि सहाव्या मणक्यामधली चकती बाहेर सरकून मज्जातंतूच्या मुळावर टेकलेली दिसत होती. मुंग्यांचे कारण ते होते. चार महिने व्यायाम आणि मानेचा पट्टा यांनी बरे वाटले, आणि पाडव्याच्या कार्यक्रमात ती पुन्हा पेटीवर बसली.

लेक आता स्वतः अ‍ॅनॅलिसिस शिकवते. वर्गात पहिल्या दिवशी ती फळ्यावर १.२७३, १.२००, १.१८८ असे आकडे लिहिते आणि मुलांना पुढचा विचारते. मी निवृत्त झालो, पण ती जुनी फिल्म टाकली नाही. आपल्यातल्या कोणाला रिपोर्टमध्ये ‘ट्रंकेशन’ किंवा ‘गिब्ज’ असा शब्द दिसला तर घाबरू नका, पण गणिताच्या भरवशावर स्वस्थही बसू नका. नोंदी वाढवून पुन्हा बघता येईल का, एवढे डॉक्टरांना जरूर विचारा.